एसीच्या पाण्यावरची मेथी

मेथी निवडताना बोटांना तिचा कडवट वास लागला, की मला दुबईच्या अल कुसैसमधला आमचा मजुरांचा कॅम्प आठवतो. दुबई मरीनाचे टॉवर तेव्हा नुकते उठत होते. दिवसभर तिथं स्लॅबसाठी शटरिंगच्या फळ्या ठोकायच्या आणि खोलीवर येऊन डाळ आणि खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, खायची. हिरवी भाजी महिनोन् महिने दिसायची नाही. खोलीतल्या साताऱ्याच्या गवंड्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मी फोडणीचे मेथीदाणे खोलीमागच्या वाळूत पेरले. "वाळूत कधी भाजी होते व्हय?" तो हसला. म्हटलं, "आमची आई समुद्राच्या वाळूतच करते." एसीचं टपकणारं पाणी बादलीत धरून मी रोज शिंपडत राहिलो. दहाव्या दिवशी आम्ही पहिली मेथी खुडून लसणीवर परतली, तेवढ्यात कॅम्प बॉस खोलीमागचा मेथीचा वाफा बघून ओरडत आला, "ये सब खलास करो!" त्याच गवंड्यानं खुबुसात मेथी गुंडाळून त्याच्या हातात ठेवली. बॉसनं सगळं सावकाश संपवलं आणि म्हणाला, "मेरे कमरे के पीछे भी लगाओ, यल्ला, जल्दी!" दुबईत काय उभं केलंस, असं आजही कुणी विचारलं, की मी टॉवरांच्या आधी ती मेथी सांगतो.