मासेघरातल्या जाऊबाई

थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, सैन्यातून निवृत्त होऊन कडेगावला आले ते मत्स्यालयाचं खूळ डोक्यात घेऊनच. विशाखापट्टणमला असताना त्यांनी समुद्राकाठचं मोठं मत्स्यालय पाहिलं होतं. "आपल्या लोकांनी मासा बघितला त्यो फकस्त कालवणात," ते म्हणायचे. "जित्ता, रंगीत मासा दावायचा."

रस्त्याकडेचं आमचं बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड त्यांनी धुऊन रंगवून घेतलं. सांगलीहून काचेच्या टाक्या आल्या, मासे आले. आम्ही दोघी जावा आधी नाकं मुरडत होतो. पण टाक्यांत दिवे लागले आणि आम्हीच काचेला नाक लावून उभ्या राहिलो.

सुरुवातीला गर्दी झाली. दादा छडी घेऊन प्रत्येक माशाचं नाव, मूळ देश, खाणंपिणं सांगत. कुणी काचेवर टिचकी मारली की "हात मागं!" अशी आरोळी. एकदा बघून गेलेला माणूस मात्र पुन्हा फिरकेना.

उन्हाळ्यात लग्नाचं एक वऱ्हाड आत असतानाच वीज गेली. हवेचे पंप थांबले, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. दादा आणि माझे यजमान जनरेटरकडे धावले. मी तांब्यानं पाणी ढवळत सुटले. वऱ्हाडी उकाड्यानं कुरकुरत होते.

तेवढ्यात जाऊबाई पदर खोचून एका गुबगुबीत माशापुढे गेल्या आणि त्याच्या तोंडाबरोबर बोलायला लागल्या, "आवं, पंगत कवा बसायची? सकाळधरनं नुसता च्या पाजलाय!" मग शेजारच्या चंदेरी माशाचा नाकातला आवाज, "आमाला काय बी नको. पर मानाची साडी अशी असती व्हय?"

खरी वरमाय डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

चुलीपुढे बसून जाऊबाई अख्ख्या गावाच्या नकला करायच्या, पण फक्त माझ्यासमोर. दादा तेलकट हातांनी परत आले आणि दारातच थबकले. पंप सुरू झाले, तरी कुणी हलेना. "आजून एक मासा बोलू द्या की!"

वऱ्हाड गेल्यावर दादांनी विचारलं, "हे कवा शिकलीस?"

"तुमी घरात हुता कवा?" जाऊबाई म्हणाल्या. दादा खो खो हसले.

पुढच्या रविवारी लोक विचारत आले, "बोलणारं मासं हितंच का?" आधी माहिती, मग नकला, असं ठरलं. माहिती सुरू असताना लोक जांभया देत. दादा चार दिवस फुगून बसले.

माशांना तो उन्हाळा सोसला नाही. बरेच मेले. दादांनी ते शेतात पुरले, त्या दिवशी जेवलेही नाहीत. उरलेले त्यांनी टाक्यांसकट शाळेला देऊन टाकले. मला वाटलं, संपलं सगळं. पण रविवारी दारात माणसं हजर. "मासं न्हाईत तर न्हाईत. वैनींचं बोलणं हाय न्हवं?"

मग शेडात फळ्यांचं स्टेज झालं, पडदा आला. आता बाजारातली बांगडीवाली चाची गाणी म्हणते, शेजारच्या गावच्या बायका छोटी नाटकं बसवतात. परवा एका नाटकात सासऱ्याच्या कामाला माणूस मिळेना, म्हणून जाऊबाईंनी दादांनाच उभं केलं. एकच वाक्य होतं. ते ताठ उभे राहिले, घाम पुसला आणि वाक्य साफ विसरले.

"आवं, बोला की!" जाऊबाई कुजबुजल्या.

शेवटी पहिल्या रांगेतल्या बायकांनीच तालमी ऐकून पाठ झालेलं ते वाक्य एका सुरात म्हटलं, आणि दादांनी त्यांना कडक सलाम ठोकला.