काळ्या कडांचा व्हिडिओ

सासूबाईंना एक्क्याऐंशी वर्षं झाली, तेव्हा इंदिरा नगरच्या आमच्या घरी आम्ही त्यांचं सहस्रचंद्रदर्शन केलं. मेहुण्याने नागपूरहून आपला कॅमेरा आणला होता, स्टँडसकट. औक्षण सुरू झालं, सगळ्यांचं लक्ष सासूबाईंकडे होतं आणि मी कॅमेरा त्याच्या हातातून घेतला.

"भाऊजी, स्टँडवर लावा," तो म्हणाला. मी रेल्वेतला इंजिनिअर. पूल मोजणाऱ्या हातांना स्टँड कशाला, असं म्हणत मी चालत-चालतच शूटिंग केलं.

संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसले, तर सासूबाई, निरांजनं, सगळंच गदगदा हलत होतं. "कोणी काढलंय हे?" बायकोने विचारलं.

"कॅमेरा तुझ्या भावाचा. त्यालाच विचार," मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "माझाच हात हलला, ताई." जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण.

पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यांचा व्हिडिओ तेवढा एकच. मेहुण्याचं नाव पडलं 'भूकंपमामा'. नंतर कुठल्याही लग्नामुंजीत कोणी त्याच्या हाती कॅमेरा दिला नाही. चिडवणाऱ्यांत मीही हसत असे.

यंदा नातीने तो व्हिडिओ संगणकावर घेतला. ती एडिटिंगचं काम करते; उत्तरेत वाढलेली, बोलते हिंदीतच. "आजोबा, ऐसी चीज़ बताइए जो कमरे में हिली ही न हो."

मी भिंतीवरचा स्विचबोर्ड दाखवला. तिने त्यावर खूण केली. सॉफ्टवेअर एकेका फ्रेममध्ये ती खूण शोधत गेलं आणि कॅमेरा जितका हलला होता, तितकं चित्र उलट दिशेला सरकवत गेलं. सासूबाई स्थिर बसल्या. आता कडांना काळ्या पट्ट्या तेवढ्या आत-बाहेर होत होत्या. डाव्या कडेला, जिथे इतकी वर्षं नुसता डाग दिसायचा, तिथे मेहुणा उभा होता. दोन्ही हातांत निरांजनांचं तबक, नजर आईकडे.

"किनारे काले आ रहे हैं. ज़ूम कर दूँ? मामाआजोबा कट जाएँगे, बाकी सब ठीक."

'कर' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. माझ्या खोट्याचा पुरावा परस्पर कापला गेला असता.

"नको. काळं राहू दे," मी म्हणालो. मग बायकोला हाक मारली आणि तिच्यासमोर मेहुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

"तो व्हिडिओ मी काढला होता. हात माझा हलला."

तो म्हणाला, "माहीत आहे, भाऊजी. माझ्या हातात तर तबक होतं."

"ते दिसतंय आता."

"मी दिसतो? आईबरोबर?"

"दिसतोस."

"मग पाठवा ना. आत्ताच पाठवा."

नातीने तिथूनच पाठवला. बायको आत गेली. मी आडवा झालो आणि दुपारचा कधी न झोपणारा मी चांगला दोन तास झोपलो. बायकोनेच उठवलं, चहा पुढे ठेवला.

"नागपूरची तिकिटं काढा," ती म्हणाली. "आणि तिथे कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. माझा भाऊ काढेल फोटो."