आतड्याची मखमल

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या नागपूरच्या कॉलेजात बेडकाच्या आतड्यावर अखेरचा शब्द आम्हा प्राध्यापकांचा नसे, प्रयोगशाळेतल्या शिपायाचा असे. काचपट्टी रंगवून तो नाटकी हात फिरवी.

“पाहा गा पोट्टेहो, आतून मखमल आहे. तिच्या पेशी अन्न शोषून रक्तात धाडतात. मखमल झिजली, तं कितीबी खा, उपाशीच!”

घरी मात्र वाळत चाललेल्या बायकोला तो रोज दटावी, “‘जेवते’ म्हणून खोटं काहून बोलून राहिली वं? जेवण फेकते तू!”

अखेर इस्पितळात तिच्या आतड्याचा तुकडा काढला. डॉक्टरांच्या विनवण्या करून त्याने त्या तुकड्याची काचपट्टी स्वतः पाहिली. मी शेजारीच होतो. सूक्ष्मदर्शकावरून त्याची मान वर येईना. मखमल पार सपाट झाली होती.

एकाएकी तो ओरडला, “सर, ती खरंच जेवत होती जी!”