तूरडाळीचा भाव

मंगळवारी वडील गेले. गुरुवारी पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं.

मी जालन्यात पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. पुण्याचा पगार दीडपट होता. चौदाव्या दिवशी जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या आमच्या घरात आईला शेजारी बसवून, दोन शहरांच्या खर्चाची तुलना करणारी साइट मी फोनवर उघडली. ती एकटी पडेल म्हणून मला जायचं नव्हतं. तिला मला धाडायचंच होतं, म्हणून ती जालन्याचा खर्च वाढवून सांगत होती.

"पाण्याचे जार, रोज दोन."

"आपण एकच घेतो, आई."

"पाहुणे आले की दोन लागतात. पाहुण्यांचा रकाना हाय का?"

"नाही."

"मंग कसला हिशोब हा! गावाकडून, कुंभार पिंपळगावहून दवाखान्याला येणारा माणूस आधी आपल्याकडं जेवतो."

"पुण्यातही येतील की."

"येतील. पण ते तू धरू नको."

पुढचा रकाना तूरडाळीचा होता.

"डाळ कोण इकत घेतं? शून्य टाक," आई म्हणाली.

साइट शून्य घेईना. तीनदा टाकलं, तीनदा रकाना लाल झाला. आम्ही दोघंही हसलो, त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. निवृत्तीनंतर वडील गावच्या शेतात तूर पेरत आणि वर्षाची डाळ भरडून आणत. शून्य होतं ते त्यांच्यामुळे.

पस्तिशी गाठली तरी मला डाळीचा भाव माहीत नव्हता. खाली जाऊन वाण्याला विचारला. "तुमची तर घरची असते," तो म्हणाला, आणि एकदम ओशाळला. भाव मात्र त्यानं नीट सांगितला.

भाव टाकल्यावर साइटनं पुण्याच्या बाजूनं कौल दिला.

"बघ!" आई म्हणाली.

"तू चल बरोबर, मग जातो."

"मी? अन् औंदा तूर कोण पेरील?"

पंधरा वर्षांत तिनं शेतात पाऊल टाकलं नव्हतं. आता तूर पेरायचं तिनं कधी ठरवलं, मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला नकार कळवला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बियाण्याची पिशवी उचलायला तिनं मलाच हाक मारली.

पगार पूर्वीचाच आहे. दर रविवारी आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं शेतावर जातो आणि संध्याकाळी परत येतो.