सासूबाईंच्या साइटचा दुखवटा

माझ्या सासूबाई एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वारल्या आणि बारा वाजता त्यांनी मला फोन करून झापलं.

यात चूक कोणाची, हे मी शेवटी सांगतो. (बायको पाहुण्यांना चहाबरोबरच सांगते, पण मला थोडा वेळ द्या.)

सासूबाई मुरब्याच्या, पालघरजवळच्या मच्छीमार गावातल्या. बोंबील, सोडे, जवळा सुकवून विकणारा बायकांचा गट त्यांनी उभा केलाय. मी बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघतो, म्हणजे प्रिंटर अडला की मला हाक मारतात. तरी गटाची वेबसाइट मीच करणार, असं मी एकदा जेवताना जाहीर करून टाकलं. ताटात सुरमईचा तिसरा तुकडा पडला की माणूस काहीही बोलतो!

साइट झाली. मग मला जास्तीचं सुचलं. साइटवरचा मजकूर तोच ठेवून तिचे नुसते कपडे बदलता येतात. या कपड्यांच्या फाइलला स्टाइलशीट म्हणतात. मी अशी सोय केली, की अ‍ॅडमिनने यादीतून फक्त रूप निवडायचं. सर्व्हरवरचा माझा कोड ते लक्षात ठेवणार आणि जगात कोणीही साइट उघडली तरी त्याला तेच रूप दिसणार. रोजचं निळं, नारळी पौर्णिमेचं केशरी.

अ‍ॅडमिन एकच असावा, असं माझं म्हणणं. पण लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं आहेत या घरात! शेवटी सगळेच अ‍ॅडमिन झाले: सासूबाई, माझी बायको हर्षला, मेहुणा नितेश आणि सासूबाईंची चिंचणीची बहीण, म्हणजे मावशी. (मावशींकडे बटणांचा साधा फोन आहे. तरीही अ‍ॅडमिन.)

एवढे अ‍ॅडमिन म्हणजे घोळ होणारच. म्हणून मी कोडात एक नोंदवही घातली. कोणी, किती वाजता, कोणतं रूप लावलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जाणार.

"उद्या काही झालं तर चोर सापडायला नको?" मी नितेशकडे बघत म्हणालो.

त्यानंतर सासूबाईंची मागणी आली. "जावयबापू, गावात कोण गेला तं त्या दिवशी होड्या नाय जात. मंग साइट कशी चालू ठेवायची? तिलापण दुखवटा पायजे."

मुद्दा बिनतोड होता. मी तिसरं रूप केलं. सगळं काळं-करडं, फोटोभोवती हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गेलेल्या माणसाचा फोटो अ‍ॅडमिनने टाकायचा. आणि नाही टाकला तर? रिकामी चौकट बरी दिसत नाही, म्हणून मी कोडात लिहिलं, 'फोटो नसेल तर पहिल्या पानावरचा घे.' पहिल्या पानावर सासूबाई होत्या. नाकात नथ, हातात सुक्या बोंबलांची जुडी, तोंडभर हसू.

आता तो मंगळवार. पालघरच्या प्रदर्शनात दाराजवळचा स्टॉल कोणत्या गटाला द्यायचा, हे ठरवायला प्रदर्शन भरवणाऱ्या सरकारी खात्याच्या मॅडम दुपारी मुरब्याला येणार होत्या. मागची दोन वर्षं सासूबाईंना कोपऱ्यात जनरेटरशेजारी बसवलं होतं. गिऱ्हाइकाला भाव ऐकू जायचा नाही आणि सासूबाईंचा घसा बसायचा. या वेळी त्यांना दारच हवं होतं.

"मॅडम आधी साइट बगतील," त्या आदल्या दिवशी म्हणाल्या. "सगला नीट हाय ना?"

म्हणून सकाळी ऑफिसातून मी तिन्ही रूपं तपासली. निळं झकास! केशरी झकास! दुखवटा लावला आणि मोबाइलवर पाहिलं, तर केशरीच. पुन्हा पाहिलं, केशरीच. म्हटलं, हे काही चालत नाही, दुपारी बघू. आणि बाराच्या सुमारास चहाला गेलो. (मोबाइल कधी कधी आधी पाहिलेलं पानच पुन्हा दाखवतो. मला हे माहीत आहे. फक्त वेळेवर आठवत नाही.)

टपरीवर आमचा फिटर रामसजन मला बघून दचकला. तो दर महिन्याला साइटवरून जवळा मागवतो.

"अरे साहब, आप इधर चाय पी रहे हो? घर जाओ! सासूजी..."

त्याने मोबाइल पुढे केला. हारामागून सासूबाई हसत होत्या. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्याखाली, 'ताजा सुकवलेला माल घरपोच मिळेल'.

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर नाव, 'आई'.

"जावयबापू, मी मेली का?"

"नाही आई!"

"मंग मावशी वट्यावर बसून कोनासाठी रडते?"

मी तिथल्या तिथे साइट निळी केली, बाइकला किक मारली आणि मुरबे गाठलं. दारात टेम्पो उभा. शेजारणीने मोबाइल दाखवल्यावर मावशी चिंचणीहून अकरा बायका घेऊन आल्या होत्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या चार घरांतून भाताची पातेली आली होती. आणि मधोमध सासूबाई ताठ बसलेल्या.

"जिती हाय तं आदी सांगायचा ना!" मावशी चिडून म्हणाल्या. "मी टेम्पोत सगला रडून घेतला!"

एवढ्यात मॅडम आल्या. साइट त्यांनीही सकाळीच पाहिली होती. मान खाली, चेहरा गंभीर, हातात खराखुरा हार. समोर सासूबाई उभ्या राहिल्या तशा मॅडम दोन पावलं मागे सरल्या.

"या, या," सासूबाई म्हणाल्या. "आनलाय तं द्या. ताजा दिसतो."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "माजा दाराजवलचा स्टॉल जातो आज. कोनी केला हा?"

मी नितेशकडे पाहिलं. नितेशने छताकडे पाहिलं. मी म्हणालो, "आत्ता सांगतो! नोंदवही कशासाठी ठेवली आहे?" आणि त्या सगळ्या गर्दीसमोर मोबाइल काढून खणखणीत आवाजात वाचायला लागलो. "मंगळवार, सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटं, रूप दुखवटा, अ‍ॅडमिनचं नाव..."

तिथे मी मोबाइल खिशात घालायला लागलो. पुढचं नितेशने खांद्यावरून वाचलं. दोनदा.

पहिल्यांदा मॅडम हसल्या आणि मग सगळं घर. मावशी तर पदर तोंडात धरून हसत होत्या. चार घरचा भात वाया कसा घालवायचा, म्हणून सासूबाईंनी चूल पेटवून बोंबील तळले. मॅडम दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या, "एका सकाळीत एवढी माणसं ज्यांची साइट बघतात, त्यांना कोपऱ्यात बसवून कसं चालेल?"

दाराजवळचा स्टॉल मिळाला. सासूबाईंनी मॅडमचा हार स्वतःच गळ्यात घातला आणि मला जवळ बोलावलं.

"दुखवटा ऱ्हाऊ दे," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त फोटो नसेल तं कोनाचा घ्यायचा, त्ये मी सांगते."

त्यांनी माझा लग्नातला फोटो निवडला. कोड अर्थातच मीच बदलला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो पहिल्या फटक्यात चालला.