जुन्या कार्डाला उठायला वेळ लागतो

जरीपटका वस्तीतला माझा शेजारी दुकानांचे संगणक सांभाळतो. मशीन सुरू होईपर्यंत तिच्यावर हात ठेवून उभा असतो. लिनक्स या संगणकप्रणालीचा नवा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, टाकला आणि त्याच्या सर्व्हरमधलं, डिस्क जोडणारं जुनं कार्ड मुकं झालं.

"दे फेकून," मी म्हटलं.

"काहून गा? कालपर्यंत चालूनच राहिलं होतं ना!"

मग त्यानं बिघाड शोधायला घेतला. चालणाऱ्या जुन्या आणि बिघडलेल्या नव्या कर्नलच्या मधली आवृत्ती घ्यायची, तपासायची, पुन्हा मधली. असं करत तो एका बदलापाशी पोचला. कुणीतरी प्रोग्रामरनं, कार्ड जागं होईपर्यंत कर्नलनं थांबायचा वेळ कमी केला होता.

"जुना जीव आहे. उठाले वेळ लागते त्याले."

आता हा त्या प्रोग्रामरला झापणार, असं मला वाटलं. पण शेजाऱ्यानं त्याला लिहिलं, "तुमच्याकडे असं म्हातारं कार्ड नसेल. दुरुस्ती केली की माझ्या मशीनवर तपासा. सावकाश करा, मी थांबतो."