नागसेन ओव्हाळची जबानी

चिखलीत माझं इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे. नागसेन ओव्हाळ वीस वर्षांपासून माझ्याकडून माल नेतो. त्याचे वडील लातूरकडून पिंपरीत कंपनीत कामाला आले, हा इथेच वाढला, आयटीआय केलं आणि वायरमन झाला. पंखे, मोटारी सगळं करतो, पण त्याचं खरं काम चेंजओव्हर बसवण्याचं. घरच्या जनरेटरसाठी लागणारा तो मोठा खटका. वर केला की खांबावरची लाइट, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकत्र कधीच येत नाहीत.

लोकांना तो नको असतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, झालं काम. घर उजळतं खरं, पण तोच करंट मीटरमधून उलटा खांबावर चढतो. आणि लाइट बंद आहे म्हणून तिथे कुणीतरी तार हातात धरून बसलेलं असतं. अशी वायर दिसली की नागसेन मालकाला न विचारता पक्कड काढून ती मधोमध तोडायचा. त्यावरून त्याची कितीतरी भांडणं झाली.

धनेशच्या घरी तेच झालं. धनेश गावठाणातल्या जुन्या घराण्यातला. आमच्या मागच्या गल्लीत, लाइनच्या अगदी शेवटच्या खांबाजवळ त्याने नवा बंगला बांधला होता. नागसेन तिथे पंखा लावायला गेला आणि वायर तोडून बसला. धनेशने बायकापोरांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला.

"आमच्या घरात आमी काय लावायचं ते तू सांगणार व्हय?"

नागसेनने हत्यारं गोळा केली. दारात धनेशची आई सरूबाई उभी होती, तिला म्हणाला, "आजी, चेंजओव्हर बसवून घ्या. माझ्याकडून नको तर दुसऱ्याकडून. नाहीतर माणूस मरेल."

धनेशने दुसऱ्या दिवशी तशीच नवी वायर करून घेतली.

पुढचा आठवडा गेला. मग गुरुवार आला. गुरुवारी लाइनच्या कामासाठी सकाळपासून लाइट बंद होती. अकराच्या सुमाराला नागसेन माझ्या दुकानात स्क्रू निवडत उभा होता. मागच्या गल्लीतून जनरेटरची धडधड सुरू झाली. त्याने मान वर केली.

"आज गुरुवार ना, शेठ?"

मी हो म्हणायच्या आत तो पळत सुटला होता. मीही मागे धावलो.

शेवटच्या खांबावर ज्योतीराम होता. ठेकेदाराकडचा लाइनमन, बत्तीस वर्षांचा. अलीकडच्या खांबावर त्याने जोड काढला होता, म्हणजे पुढची तार मेलेलीच असणार असं त्याने धरलं होतं. आता त्या तारेवर त्याची मूठ आवळली होती. अंग मागे धनुष्यासारखं ताणलेलं, आणि टाचा खांबावर आपटत होत्या, खटखट, खटखट. तोंड उघडं, पण आवाज नाही. त्याचा जोडीदार सुजित खाली उभा राहून नुसता ओरडत होता.

नागसेन खांबाकडे गेलाच नाही. बंगल्याच्या फाटकावरून उडी मारून त्याने जनरेटर बंद केला. ज्योतीरामची मूठ सुटली आणि तो पट्ट्यात उलटा लोंबकळला. सुजितने वर चढून दोराने त्याला खाली सोडलं. तळहात काळा पडला होता, जळक्या मांसाचा वास येत होता. नागसेन त्याची छाती दाबत राहिला. टेम्पो येईपर्यंत, मग टेम्पोतही दाबत राहायची त्याची तयारी होती. पण टेम्पो आला तेव्हा ज्योतीराम गेलेला होता.

तोवर बाकीचे लाइनमन धावत आले. त्यांनी धनेशला घरातून फरफटत रस्त्यावर आणलं. पट्टे, लाथा, एकाच्या हातात लोखंडी पाइप. धनेशचं नाक फुटलं, दोन दात रस्त्यावर पडले. सरूबाई किंचाळत होती. नागसेन उठला आणि धनेशच्या अंगावर आडवा पडला.

"बास करा! मरेल तो!"

"हाच ह्यांचा वायरमन! ह्यानंच जोडलंय!" कुणीतरी ओरडलं.

पाइप त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा घाव डोक्यात. मी दहा पावलांवर होतो. नागसेनचा यात काही दोष नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी पुढे गेलो नाही.

दवाखान्यात पोलिसांनी जबानी घेतली. नागसेनने सगळं सांगितलं. धनेशची दोन पिनांची वायर, आपण ती तोडली, त्याने पुन्हा केली. आणि न विचारता आणखी एक सांगितलं. काम करण्याआधी तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडणारी साखळी टाकावी लागते. ती टाकली असती तर उलटा करंट ज्योतीरामपर्यंत आलाच नसता. ठेकेदाराने ती साखळी या लोकांना कधी दिलीच नव्हती.

मी म्हणालो, "एवढं कशाला बोललास? एका बाजूचा तरी राहिला असतास."

"दोन्ही खरं आहे," तो म्हणाला. डोक्याला बारा टाके होते.

झालं तसंच. सुजितने सगळीकडे सांगितलं की धनेशने पैसे देऊन नागसेनला फोडलं. आणि धनेशचे दोन चुलतभाऊ भरदुपारी नागसेनच्या खोलीवर आले. रॉडने दार फोडलं, टीव्ही फोडला, प्लास्टरमधल्या हातावर पाय देऊन एक जण म्हणाला, "जबानी बदल. न्हाईतर दुसरा हात बी ऱ्हाणार न्हाई."

नागसेनची बायको मिनल चुलीशी होती. भाताचं आधण उकळत होतं. तिने पातेलं उचललं आणि त्या चुलतभावाच्या पाठीवर रिकामं केलं. तो ओरडत जिन्यावरून खाली कोसळला, दुसरा मागोमाग पळाला. मिनलच्या स्वतःच्या बोटांनाही फोड आले. जबानी बदलली नाही.

आज धनेश आणि ठेकेदार दोघांवरही खटला चालू आहे. नागसेनचं मनगट वळत नाही. तो जागा दाखवतो, मिनल ड्रिल मारते, स्क्रू पिळते. चाकणपर्यंत दोघं स्कूटरवर जातात.

एक सांगायचं राहिलं. ज्योतीरामची बायको विजयश्री महिनाभराने नागसेनकडे आली होती. मी तिथेच बसलो होतो. ती आत आली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटली.

"मेलेल्या माणसाची चूक काढलीस! साखळी टाकली नाही म्हणालास!"

त्याने मार खाल्ला. मिनल मधे पडू लागली तशी तिला नजरेनेच थांबवलं. विजयश्रीचे हात थकले तेव्हा म्हणाला, "ताई, त्यांनी टाकली नाही असं नाही म्हणालो. दिली नाही म्हणालो. कागद बघा."

तिने पोलिसांच्या कागदाची नक्कल दोनदा वाचली. मग खाली बसली.

"सुजित म्हणतो, लगेच गेले. काही कळलं नाही त्यांना."

नागसेन तिच्यासमोर खाली बसला.

"ताई, लगेच नाही. मी पळत आलो तेवढा वेळ. त्यांना कळत होतं."

विजयश्रीने पदर तोंडात कोंबला. मिनल तिच्या शेजारी जाऊन बसली. मला वाटलं, हा माणूस एवढं तरी खोटं बोलला असता. पण थोड्या वेळाने विजयश्रीच म्हणाली, "मला वाटतच होतं तसं. कुणी सांगत नव्हतं, भाऊ."